यादवी घरची, सैन्य परके: स्वतंत्र झालेल्या वसाहतींच्या युद्धात बाहेरच्या सत्ता का उतरतात

गेल्या महिन्यात कराडच्या एका महाविद्यालयात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेविषयी माझे व्याख्यान झाले. ते संपल्यावर राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने चिठ्ठीवर प्रश्न लिहून पाठवला: "वसाहतवादी सत्ता निघून गेली, देश स्वतंत्र झाला, तरी तिथे यादवी पेटली की परके देश त्यात का उतरतात? हे सारे खनिजांसाठीच असते का?" सभागृह रिकामे करण्याची वेळ झाली होती, म्हणून "बहुतेक वेळा हो, आणि थोडे राजकारणही असते" असे काहीतरी सांगून मी मोकळा झालो. साताऱ्याला परत येताना उंब्रज ओलांडेपर्यंत मला जाणवले होते की ते उत्तर अपुरे तर होतेच, पण चुकीच्या वाटेने नेणारेही होते. मी लष्करात २८ वर्षे काढली. १९८८-८९ मध्ये श्रीलंकेत होतो आणि २००७-०८ मध्ये पूर्व काँगोतील गोमा येथे भारतीय ब्रिगेडमध्ये. दोन्ही ठिकाणी मी दुसऱ्याच्या घरातल्या यादवीत गणवेश घालून उभा होतो. त्यामुळे या प्रश्नाचे नीट उत्तर देणे मला लागते, आणि ते मी आता सवडीने देत आहे.

बाहेरची सत्ता आत येते ती बहुधा आतल्या कोणीतरी दार उघडल्यामुळे. आतला पक्ष दार उघडतो, कारण एकट्याच्या बळावर तो जिंकू शकत नाही आणि मदतीची किंमत चुकवण्यासाठी त्याच्यापाशी एक मौल्यवान वस्तू असते किंवा विजयानंतर हाती येणार असते. ती वस्तू म्हणजे राज्याचा शिक्का: देशाच्या नावाने करार करण्याचा, कर्ज काढण्याचा, तेलाचे परवाने देण्याचा, शस्त्रे विकत घेण्याचा आणि परकीय सैन्याला "या" किंवा "जा" म्हणण्याचा अधिकार. वसाहतीतून निघालेल्या देशांत हा शिक्का इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा मोलाचा ठरतो. युरोपीय सत्तांनी आफ्रिकेत जे राज्ययंत्र उभारले ते मुळात राजधानी, बंदर, जकात आणि खाण यांच्याभोवती उभारले. गावोगावच्या माणसाशी त्याचा संबंध करवसुली आणि वेठबिगारीपुरताच होता. स्वातंत्र्यानंतर, १९६४ मध्ये कैरो येथे, आफ्रिकी ऐक्य संघटनेने वसाहतकाळातील सीमा जशाच्या तशा मान्य केल्या. युद्धे टाळण्यासाठी ते आवश्यकही असेल, पण त्याचा एक परिणाम असा झाला की देशाच्या अर्ध्या भागावर ज्याची हुकमत नाही, असा माणूसही राजधानीत बसला की सगळ्या देशाचा मालक म्हणून जगासमोर उभा राहू लागला.

हे आपल्याकडच्या वाचकाला परके वाटू नये. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये मोगलांनी शाहू महाराजांना कैदेतून सोडले, तेव्हा मराठ्यांत दुही माजावी हा हिशेब त्यामागे होताच. खेडची लढाई झाली, १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला आणि ताराबाईंशी संघर्ष चालू राहिला. पुढे १७२७ च्या सुमारास निजामाने जे केले ते अधिक बोलके आहे. दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी त्याने शाहूंना द्यायची होती. त्याने पवित्रा असा घेतला की छत्रपती कोण याचाच वाद आहे, सातारचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी याचा आधी निवाडा होऊ द्या, तोवर पैसे थांबतील; आणि तो स्वतः संभाजींच्या पाठीशी उभा राहिला. बाजीरावाने १७२८ मध्ये पालखेडला त्याची कोंडी केली आणि मुंगी-शेवगावच्या तहात शाहूंचे हक्क त्याच्याकडून मान्य करून घेतले. भाऊबंदकी मिटायला १७३१ चा वारणेचा तह यावा लागला. आजही साताऱ्याहून महामार्गाने कोल्हापूरकडे जाताना ती नदी ओलांडावी लागते. निजामाला संभाजींविषयी जिव्हाळा होता असे कोणी म्हणणार नाही. दोन शिक्के असेपर्यंत देणे टाळता येते, हे त्याने ओळखले होते.

या प्रसंगानंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी अंगोलात जे घडले ते शेजारी ठेवून पाहावे. पोर्तुगालमध्ये एप्रिल १९७४ मध्ये सैन्याने हुकूमशाही उलथवली आणि नव्या राज्यकर्त्यांनी वसाहती सोडायचे ठरवले. अंगोलात तीन सशस्त्र संघटना होत्या: राजधानी लुआंडाच्या परिसरात जोर असलेली, सोव्हिएत संघाकडे झुकलेली एमपीएलए, उत्तरेकडची एफएनएलए आणि मध्य पठारावरची युनिटा. जानेवारी १९७५ मध्ये अल्वोर येथे तिघींनी मिळून सरकार चालवण्याचा करार केला. काही महिन्यांत तो मोडला. ११ नोव्हेंबर १९७५ हा स्वातंत्र्याचा दिवस ठरलेला होता, आणि आदल्या दिवशी पोर्तुगीज उच्चायुक्तांनी सत्ता कोणत्याही संघटनेच्या हाती न देता "अंगोलाच्या जनतेला" सुपूर्द केल्याचे जाहीर करून जहाज गाठले. शिक्का टेबलावर ठेवून मालक निघून गेला, असा हा प्रकार होता. त्या वेळी एफएनएलए आणि झैरचे (म्हणजे आजच्या काँगोचे) सैनिक लुआंडाच्या उत्तरेला किफांगोंडोपाशी शहरात शिरण्यासाठी लढत होते, दक्षिण आफ्रिकेचे सैन्य दक्षिणेकडून वर सरकत होते आणि क्यूबाचे सैनिक एमपीएलएच्या बाजूने उतरू लागले होते. प्रत्येकाची धडपड ११ तारखेला राजधानीत कोण असेल यासाठी होती, कारण त्या दिवशी जो तिथे असेल त्याला देश म्हणून मान्यता मागता येणार होती.

आणि पैसा? अंगोलाच्या काबिंडा प्रांतात गल्फ ऑइल ही अमेरिकी कंपनी तेल काढत होती. स्वातंत्र्यानंतर लगेच, अमेरिकी सरकारच्या सांगण्यावरून, कंपनीने लुआंडाला द्यायची रक्कम थांबवून ती वेगळ्या खात्यात ठेवली. देशाचे सरकार कोण याचाच वाद आहे, हे कारण. निजामाचा युक्तिवाद हाच होता. १९७६ मध्ये एकामागून एक देशांनी एमपीएलएच्या सरकारला मान्यता दिल्यावर कंपनीचे काम आणि भरणा दोन्ही पुन्हा सुरू झाले. पुढची कित्येक वर्षे अमेरिकी कंपनीच्या तेलावर एमपीएलएचे सरकार चालले, त्या तेलक्षेत्राच्या रक्षणाला क्यूबाचे सैनिक होते, आणि १९८५ नंतर तेच अमेरिकी सरकार एमपीएलएविरुद्ध लढणाऱ्या युनिटाला शस्त्रे देत होते. "हे सारे खनिजांसाठीच असते का?" या प्रश्नाला अंगोलाइतके चांगले उत्तर मला दुसरीकडे सापडलेले नाही. केवळ तेलासाठी सगळे चालले असते, तर वॉशिंग्टनने ज्याच्याकडून तेल मिळत होते त्याच्याच विरोधकाला शस्त्रे पुरवली नसती.

मग वॉशिंग्टन, मॉस्को, हवाना आणि प्रिटोरिया तिथे कशासाठी होते? यात प्रतिस्पर्ध्याची भीती हा मोठा भाग होता आणि प्रत्येकाची भीती वेगळी होती. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राजवटीच्या ताब्यात नामिबिया होता. अंगोलात शत्रुपक्षाचे सरकार आले तर नामिबियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या स्वापोला सीमेपलीकडे आसरा मिळेल, ही तिची चिंता. अमेरिका त्याच वर्षी व्हिएतनाममधून हरून बाहेर पडली होती आणि आणखी एक देश सोव्हिएत बाजूला गेलेला तिला नको होता. झैरचे हुकूमशहा मोबुटू यांना आपल्या शेजारी आपले ऐकणारे सरकार हवे होते. चीनने सुरुवातीला एमपीएलएच्या विरोधकांना मदत केली ती मॉस्कोशी असलेल्या वैरापोटी. क्यूबाविषयी मात्र मी जरा थांबून लिहितो, कारण त्याला मॉस्कोचा प्यादा म्हणण्याची सवय आपल्याकडेही आहे. उपलब्ध कागदपत्रांवरून दिसते ते असे, की नोव्हेंबर १९७५ मध्ये सैन्य पाठवण्याचा निर्णय हवानाने स्वतः घेतला. वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध लढणे हे क्यूबाच्या नेतृत्वाला खरोखर आपले काम वाटत होते. परकी सत्ता नेहमी स्वार्थानेच येते असे मानणाऱ्याला हे प्रकरण अडचणीचे वाटते. पण सद्भावनेने आलेले सैन्यही यादवी लांबवू शकते, हे मी स्वतः श्रीलंकेत पाहिले आहे.

या भीतीला एक चक्र असते. एकाने थोडी मदत पाठवली की दुसरा ती मोठी मानून अधिक पाठवतो. ज्याला मदत मिळाली तो तडजोडीची भाषा सोडतो, आणि ज्याला मिळाली नाही तो अधिक मोठा आश्रयदाता शोधू लागतो. अल्वोरचा करार होताच त्याच जानेवारीत अमेरिकेने एफएनएलएसाठी तीन लाख डॉलर मंजूर केले. रक्कम लहान होती, पण एकत्र सरकार चालवण्यापेक्षा एकट्याने सगळे घेता येईल असा संदेश तिच्यातून गेला. दक्षिण आफ्रिकेचे सैन्य आल्याचे उघड झाल्यावर तर डाव उलटलाच. नायजेरियासारखे देश, जे तोवर तटस्थ होते, त्यांनी एमपीएलएला मान्यता दिली, कारण वर्णद्वेषी राजवटीच्या मित्राबरोबर उभे राहणे आफ्रिकेत अनेकांना शक्य नव्हते. मदत करणारा कोण आहे यावर मदत घेणाऱ्याची अब्रू ठरते.

जुना मालक जातो तेव्हा तो पूर्ण जातो का, हा यातला आणखी एक धागा, आणि त्यासाठी काँगोकडे जावे लागते. ३० जून १९६० ला बेल्जियमने काँगो सोडला. मागे राहिलेल्या प्रचंड देशात पदवीधर स्थानिक माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती आणि सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता. आठवडाभरात सैन्याने बंड केले, बेल्जियमचे सैनिक आपल्या नागरिकांच्या रक्षणासाठी म्हणून परत आले, आणि ११ जुलैला मोइझे चोंबे यांनी कटांगा प्रांत स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. कटांगात तांबे आणि कोबाल्ट होते. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी अणुबाँबसाठीचे युरेनियम तिथल्याच शिंकोलोब्वे खाणीतून गेले होते. युनिओँ मिनिएर ही बेल्जियन खाण कंपनी राजधानीला द्यायचा कर चोंबेंच्या सरकारला देऊ लागली, बेल्जियन अधिकारी कटांगाचे सैन्य उभे करू लागले, आणि भाडोत्री सैनिकही आले. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांनी संयुक्त राष्ट्रांकडे धाव घेतली. शांतिसेना आली, पण कटांगाविरुद्ध बळ वापरण्याचा अधिकार तिला तेव्हा नव्हता, म्हणून लुमुंबांनी सोव्हिएत संघाची विमाने आणि ट्रक घेतले. आणि त्या क्षणापासून ते अमेरिकेच्या दृष्टीने शत्रू झाले. सप्टेंबरमध्ये लष्करप्रमुख मोबुटूंनी सत्ता घेतली. १७ जानेवारी १९६१ ला लुमुंबांची कटांगात हत्या झाली. त्या हत्येची नैतिक जबाबदारी बेल्जियमवर येते, हे बेल्जियमच्याच संसदीय चौकशीने पुढे, २००१ मध्ये मान्य केले.

या युद्धात आपलेही रक्त सांडले. भारताने १९६१ मध्ये तिथे एक पूर्ण ब्रिगेड पाठवली आणि ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथविलमध्ये कटांगाच्या सैनिकांशी लढताना कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना वीरमरण आले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. जानेवारी १९६३ मध्ये कटांगाचे वेगळे राज्य संपले. शिक्का राजधानीकडे परत आला, पण तो ज्याच्या हाती गेला त्या मोबुटूंनी पुढे तीन दशके देश लुटला, आणि तो मोडकळीस आलेला देश मी २००७ मध्ये पाहिला.

तिथे पाहिलेल्या दोन गोष्टी सांगतो. साकेहून मासिसीकडे चढत जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर बंडखोरांच्या हद्दीत एक नाका होता: दोन काठ्यांवर आडवा टाकलेला बांबू, शेजारी ताडपत्रीचे छप्पर, आत एक टेबल. आमच्या गाड्यांना त्यांनी कधी अडवले नाही, पण कोळसा आणि गुरे नेणाऱ्या ट्रकवाल्याकडून ते पैसे घेत आणि त्याला छापील पावती देत. एकदा एका चालकाने ती मला दाखवली. संघटनेचे नाव, रक्कम, सही आणि गोल निळा शिक्का. रायफल हातात असताना पावती कशासाठी, असे मला तेव्हा वाटले. पुढे कळले की पावती नसेल तर पुढच्या नाक्यावर ट्रकवाल्याला पुन्हा पैसे द्यावे लागतात, आणि पावती देणारा आपोआप सरकारसारखा दिसू लागतो.

दुसरी गोष्ट वालिकालेची. गोम्याच्या पश्चिमेला घनदाट जंगलात बिसिये नावाची कथिलाच्या दगडाची खाण होती. तिथून माणसे पन्नासेक किलोची पोती पाठीवर घेऊन जंगलातून पायी येत. किलांबोजवळ डांबरी रस्त्याचा एक सरळ तुकडा होता. विमान येण्याची वेळ झाली की सैनिक दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवत, लहानसे जुने विमान रस्त्यावरच उतरे, पोती भरली जात आणि ते गोम्याकडे उडून जाई. तिथून माल सीमेपार आणि पुढे समुद्रापलीकडे. खाणीवर तेव्हा ताबा होता तो बंडखोरांचा नव्हता. राष्ट्रीय सैन्याचा गणवेश घातलेल्या, पण राजधानीचे न ऐकणाऱ्या एका तुकडीचा होता. त्या रस्त्याच्या कडेला उभे राहून मी खनिजांविषयीचे माझे मत बदलले. शेजारचा रवांडा काँगोत प्रथम शिरला १९९६ मध्ये, आणि तेव्हा कारण खाण नव्हती. १९९४ च्या वंशसंहारानंतर दहा लाखांहून अधिक निर्वासित पूर्व काँगोत आले होते, आणि त्यांच्याआड तो संहार करणारे हत्यारबंद लोकही सीमेलगतच्या छावण्यांत बसले होते. भीती खरी होती. १९९८ चे दुसरे युद्ध सुरू झाल्यावर युगांडा आणि रवांडा एका बाजूला, अंगोला, झिंबाब्वे आणि नामिबिया दुसऱ्या बाजूला अशी फळी पडली, आणि हळूहळू खाणींनी युद्धाचा खर्च उचलायला सुरुवात केली. २००० मध्ये तर रवांडा आणि युगांडा हे मित्रच किसांगानी शहरात एकमेकांवर तोफा डागत होते. खनिजामुळे परके सैन्य नेहमी येतेच असे नाही, पण आलेले सैन्य परत न जाण्याचे ते फार मोठे कारण होते.

नायजेरियाच्या १९६७ ते १९७० च्या यादवीविषयी दोनच वाक्ये लिहितो. बियाफ्रा या नावाने देशाचा पूर्व भाग वेगळा झाला तेव्हा शेल-बीपीपुढे रॉयल्टी कोणाला द्यायची हाच पेच पडला, आणि ब्रिटन व सोव्हिएत संघ हे शीतयुद्धातले वैरी लागोसच्या एकाच सरकारच्या मागे उभे राहिले, तर फ्रान्सने बियाफ्राला आडून मदत केली. शीतयुद्ध संपल्यावर हे प्रकार थांबतील असे ज्यांना वाटत होते, त्यांनी हे उदाहरण नीट पाहिले नव्हते.

आता आपल्याविषयी, कारण ते टाळले तर हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. श्रीलंकाही पूर्वाश्रमीची ब्रिटिश वसाहत आणि तिच्या यादवीत उतरलेली परकी सत्ता आपण होतो. १९८३ च्या तमिळविरोधी हिंसाचारानंतर निर्वासित तमिळनाडूत येऊ लागले, तमिळ संघटनांना भारतात आश्रय आणि प्रशिक्षण मिळाले, आणि २९ जुलै १९८७ ला भारत-श्रीलंका करार झाला. करारात तमिळांच्या हक्कांची भाषा आहे; सोबतच्या पत्रांत मात्र त्रिंकोमालीचे बंदर भारताच्या हिताला बाधक ठरेल अशा रीतीने कोणत्याही देशाला लष्करी वापरासाठी न देण्याचे, तिथल्या तेलाच्या टाक्यांचे आणि परदेशी रेडिओ केंद्रांचे मुद्दे आहेत. प्रतिस्पर्ध्याची भीती कशी दिसते हे पाहायचे असेल तर ती पत्रे वाचावीत. शांतिसेना म्हणून गेलेले सैन्य अडीच महिन्यांत एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढू लागले. जाफन्याच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते. एकूण सुमारे १,२०० भारतीय सैनिक तिथे कामी आले.

१९८९ च्या जूनमध्ये वावुनियाजवळ एका निवृत्त शाळामास्तरांकडे मी चहाला थांबलो होतो. त्यांनी शांतपणे विचारले, "तुम्हाला इथे बोलावले कोणी?" कोलंबोच्या सरकारने, असे मी म्हणालो. ते म्हणाले, "आता तेच सरकार तुम्हाला जा म्हणते आहे." जयवर्धने जाऊन जानेवारीत प्रेमदासा अध्यक्ष झाले होते, त्यांनी आमच्या माघारीची मुदत जाहीर केली होती, आणि आमच्याशी लढण्यासाठी एलटीटीईला त्यांच्याकडून शस्त्रे मिळाली हे नंतर उघड झाले. शिक्का एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि दोन वर्षांपूर्वीचे पाहुणे घुसखोर ठरले. मार्च १९९० मध्ये शेवटची भारतीय तुकडी परतली. त्या मास्तरांच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि या विषयाचा अभ्यास मी तेव्हापासून सुरू केला.

१९७१ ची गोष्ट निराळी होती, हे मान्य करायला हवे. जवळजवळ एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून आल्यावर शेजारच्या देशाला अलिप्त राहणे अशक्य होते. शेजारी आणि दूरची महासत्ता यांच्यात हा फरक आहे: महासत्तेला कंटाळा आला की ती निघून जाते, शेजाऱ्याला ती सोय नसते.

परके निघून गेले म्हणजे युद्ध संपते, असेही मात्र समजू नये. २२ डिसेंबर १९८८ ला न्यूयॉर्कमध्ये अंगोला, क्यूबा आणि दक्षिण आफ्रिका यांनी करार केला. क्यूबाचे सैन्य, जे तोवर सुमारे ५०,००० झाले होते, परत गेले आणि मार्च १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला. परंतु त्या करारावर युनिटाची सही नव्हती. सरकारपाशी तेल होते, युनिटाचे नेते जोनास साविंबी यांच्यापाशी हिऱ्यांच्या खाणी होत्या, आणि आश्रयदात्यांवाचूनही दोघांना लढता येत होते. १९९२ च्या निवडणुकीचा निकाल साविंबींनी नाकारला. फेब्रुवारी २००२ मध्ये ते मारले गेले तेव्हा कुठे दीड महिन्यात युद्धबंदी झाली.

त्या विद्यार्थिनीने चिठ्ठीत सुदानचाही उल्लेख केला होता, म्हणून तिथपर्यंत येतो. एप्रिल २०२३ पासून तिथे राष्ट्रीय सैन्य आणि जलद मदत दल या दोन सशस्त्र शक्ती लढत आहेत. इजिप्त सैन्याच्या बाजूला आहे, कारण सीमा आणि नाईल दोन्ही त्याच्या दाराशी आहेत. संयुक्त अरब अमिराती दुसऱ्या बाजूला शस्त्रे पुरवते, असा आरोप आहे आणि अमिराती तो नाकारते. सुदानचे सोने मोठ्या प्रमाणावर दुबईकडे जाते हे मात्र जगजाहीर आहे. संयुक्त राष्ट्रांतील आसन आणि पोर्ट सुदानचे बंदर सैन्याकडे आहे. २०२५ मध्ये सैन्याने खार्टुम परत मिळवले आणि जलद मदत दलाने एल फाशेर घेतले. त्याआधी त्या दलाने दारफूरमधील न्याला येथे आपले वेगळे सरकार जाहीर केले, आणि आफ्रिकी संघ व सुरक्षा परिषद दोघांनीही ते नाकारले. सुदानच्या बातम्या वाचताना कोणते शहर कोणी घेतले याबरोबर हेही पाहावे, की न्यालाच्या त्या शिक्क्याला पहिली मान्यता कोणता देश देतो आणि त्याच्या विमानतळावर तोवर कोणाची विमाने उतरत होती.